ब्राउनीखालचा कागद

केकचा किंवा ब्राउनीचा डबा ओव्हनमध्ये, कुकरमध्ये किंवा बेकरीच्या भट्टीत ठेवण्याआधी त्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालू नका. सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच सांगितलं तर कोणी मनावर घेत नाही, आणि घेतलं तरी ‘मग घालायचं काय?’ हा प्रश्न उरतोच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे आवाहन आधी रोहिणखेडच्या आणि मग मोताळा, धामणगाव बढे, मलकापूर या सगळ्या पट्ट्यातल्या घरांना आहे. वाढदिवसाचा केक पूर्वी बुलडाण्याहून किंवा मलकापूरहून खोक्यात यायचा. रस्त्याने हादरे खात आला की क्रीम एका कोपऱ्यात आणि नाव दुसऱ्या कोपऱ्यात. आता पोरी मोबाइलवर बघून घरीच करतात. कोणाकडे ओटीजी आहे, कोणी जुन्या कुकरमध्ये मीठ घालून भाजतं. केकच्या पाठोपाठ ब्राउनी आली. पोरांना ती केकहून प्यारी, कारण चॉकलेट जास्त आणि वर क्रीमचा पसारा नाही. करणाऱ्यालाही सोयीची, कारण ती फुगली नाही म्हणून कोणी नावं ठेवत नाही. तिने फार फुगायचंच नसतं. अडचण एकच, ती डब्याला चिकटते. चिकटते म्हणून कागद लागतो, आणि कागद म्हटलं की आपला हात रद्दीकडे जातो.

रीत सगळ्यांना पाठ आहे. डबा पेपरवर ठेवायचा, भोवती पेनाने रेघ मारायची, कात्रीने कापायचं. डब्याला तूप, त्यावर पेपर, पेपरला पुन्हा तूप, मग मिश्रण ओतायचं. भाजून झालं की केक अलगद सुटतो आणि पेपर सोलून काढता येतो. कधीकधी सोललेल्या जागी उलटी अक्षरं उमटलेली दिसतात. पोरं ती वाचायला बघतात, आपण हसतो. पण ती अक्षरं म्हणजे शाई आहे, आणि ती आता केकच्या अंगात आहे.

वर्तमानपत्राची शाई भिंतीच्या रंगासारखी वाळून घट्ट होत नाही. तिच्यातलं तेल कागदात मुरतं आणि काजळी वरच राहते. म्हणून तर पेपर वाचल्यावर बोटं काळी होतात. नुसत्या कोरड्या बोटाला लागणारी ही शाई तूप चोपडलेल्या कागदावर १७०-१८० अंशांच्या उष्णतेत अर्धा तास राहिली तर काय होईल, याचा विचार करा. तूप आणि उष्णता या दोन्ही गोष्टी तिला सुटायला मदतच करतात. शाईत रंगद्रव्यं असतात, ती कागदाला धरून ठेवणारे चिकट पदार्थ असतात, खनिज तेल असतं. यातलं काहीही खाण्यासाठी केलेलं नाही. शिवाय तो पेपर छापखान्यातून गाडीत, गाडीतून स्टँडवर, तिथून सायकलवर, ओसरीवर आणि शेवटी माळ्यावरच्या गठ्ठ्यात असा फिरून आलेला असतो. भट्टीच्या उष्णतेत जंतू मरतील, धूळ आणि शाई कुठे जाणार?

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. पुड्यांवर ज्यांचा एफएसएसएआय असा शिक्का असतो, त्या केंद्रीय अन्न प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं होतं की वर्तमानपत्रात अन्न बांधण्याची सवय मोडायला हवी. पुढे २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरायचं नाही, असं स्पष्ट आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा आवाहन केलं. त्यात शाईतल्या शिशासारख्या जड धातूंचा उल्लेख होता, आणि वडे-भज्यांचं तेल टिपायला पेपर वापरू नका असंही होतं. कढईतून काढलेला वडा मिनिटभर पेपरवर ठेवणं चालत नसेल, तर पेपरवर अर्धा तास केक भाजणं कसं चालेल?

परदेशातलं एक उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या सरकारी अन्न-प्रयोगशाळेत कोनी ग्रोब नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पुठ्ठ्याच्या खोक्यांतले तांदूळ, शेवया, कॉर्नफ्लेक्स असे कोरडे पदार्थ तपासले. खोकी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून बनवलेली होती. त्या लगद्यात उरलेलं शाईतलं खनिज तेल खोक्यातून कोरड्या धान्यात उतरलेलं सापडलं. तिथे तूप नव्हतं, भट्टी नव्हती, अक्षरंसुद्धा नव्हती. ही गोष्ट २०१० च्या सुमाराची. त्यानंतर युरोपातल्या काही मोठ्या कंपन्यांनी आपली खोकी बदलायला घेतली.

आता यावर आपल्याकडे जे उत्तर मिळतं ते मला तोंडपाठ आहे. ‘काही नाही होत वं माय, आतापर्यंत कोणाले झालं काही?’ लगेच काही होत नाही, हे खरंच आहे. एका तुकड्याने कोणी दवाखान्यात जात नाही, आणि तसं सांगून मला कोणाला भेडसावायचंही नाही. ज्या आयांनी असे केक केले त्यांनी पोरांच्या हौसेपोटीच केले, हातात जे होतं त्यात केले. पण शरीरात थोडंथोडं साठत जाणाऱ्या गोष्टींचा हिशेब ‘अजून काही झालं नाही’ एवढ्यावर लावता येत नाही. आणि उपाय एका तुकड्यामागे पन्नास पैशांचाही नाही. तो हिशेब पुढे देते.

आधी बेकरीच्या भट्टीबद्दल, कारण सगळ्यात जास्त पेपर तिथेच वापरला जातो. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बाया भट्टीवर जातात, तिथेच मळतात, नानकटाई थापतात. भट्टीवाला मोठ्या पत्र्यांवर पेपर अंथरून देतो. त्याचीही बाजू समजून घ्यायला हवी. दिवसभरात दहा घरांचा माल त्याच पत्र्यांवर भाजायचा असतो, प्रत्येक वेळी पत्रा घासायला वेळ नसतो, आणि पेपरसकट उचलून माल गिऱ्हाइकाच्या डब्यात ओतता येतो. सोय आहे ती त्याच्या कामाची. नानकटाईला तिची गरजच नाही. तिच्यात एवढं तूप असतं की स्वच्छ पत्र्यावर नुसती ठेवली तरी ती चिकटत नाही. गरम असताना मोडते म्हणून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग उलथन्याने सहज निघते. तेव्हा भट्टीवर गेलात की दादांना सांगा, ‘पत्रा पुसून द्या, पेपर नको.’ कोरडं फडकं सोबत घेऊन जा, स्वतःच पुसा. पत्रा फारच जुना आणि गंजलेला असेल तर आपला भाजायचा कागद घेऊन जा आणि पत्र्याच्या मापाने तिथेच कापा. मात्र एक लक्षात ठेवा. पाव भाजताना लाकडाची भट्टी फार तापलेली असते, आणि भाजायच्या कागदालाही मर्यादा आहे. नानकटाई तशीही भट्टी उतरल्यावरच भाजतात, ब्राउनीही तेव्हाच ठेवायला सांगा.

आणि भट्टीवाल्या दादांनो, तुमच्याशीही थोडं बोलायचं आहे. तुम्ही पेपर घालणं बंद केलंत तर बाया दुसरीकडे जातील अशी भीती धरू नका. ‘आमच्याकडे पेपरवर भाजत नाहीत’ अशी पाटी दिवाळीच्या महिनाभर आधी लावून बघा.

गावात पाहुणे आले आणि हौस असेल तर आपण रोडगे किंवा पानगे करतो. पानग्यांचं आठवा. कणीक मळून थापायची, खाली-वर पळसाचं पान लावायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात सरकवायचं. पान करपतं, कणीक करपत नाही. राख लागत नाही. भाजल्यावर पान सोललं की पानग्यावर शिरांची नक्षी राहते. अन्न आणि आग यांच्यामध्ये काहीतरी स्वच्छ घालायचं, जे चिकटणार नाही आणि आपली चव बिघडवणार नाही, हे वऱ्हाडाला कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. कोकणात तवशाचं धोंडस करतात, म्हणजे मोठ्या काकडीचा केकच. त्यात पातेल्याच्या तळाला केळीचं पान घालतात आणि वर झाकणावर निखारे ठेवतात. डब्याला आतून अस्तर लावण्याची ही आपली जुनी रीत. मधल्या काळात पानाच्या जागी पेपर आला, कारण तो फुकट होता आणि चौकोनी होता.

मग ब्राउनीलाही केळीचं पान लावावं का? लावता येतं. पान विस्तवावर धरून मऊ करायचं, शीर काढायची, तुपाचा हात फिरवायचा. गोल डब्याच्या तळाला छान बसतं. पण ब्राउनीत कोकोचा कडवट वास हवा असतो आणि पानाचा हिरवा वास त्यात घुसतो. शिवाय चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात पान फाटतं. धोंडसाला पान, ब्राउनीला कागद, असं माझं मत.

कागद म्हणजे बेकिंग पेपर, ज्याला पार्चमेंट पेपर असंही म्हणतात. दुकानात याच्या नावाने फार घोटाळा आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

तुम्ही ‘बटर पेपर’ मागितलात तर दुकान बघून वेगवेगळी वस्तू हातात पडते. स्टेशनरीच्या दुकानात नकाशे आणि चित्रं उतरवायचा अर्धपारदर्शक कागद देतील. तो खाण्याच्या कामाचा नाही. मिठाईच्या सामानाच्या दुकानात पेढे-बर्फीखाली घालायचा कागद देतील. त्यातला काही मेणाचा असतो. मेणकागदात थंड लाडू गुंडाळायला हरकत नाही, पण मेण साधारण ६० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं, म्हणजे ओव्हन पुरता तापायच्या आधीच ते केकमध्ये उतरणार. ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर नखाने ओरखडा काढा. नखात पांढरट मेण आलं तर तो भाजायचा कागद नव्हे. तिसरा प्रकार बिनमेणाचा, तूप न शोषणारा साधा कागद. तो भाजायला चालतो, पण त्याला दोन्हीकडून तूप लावावं लागतं, नाहीतर ब्राउनी त्यालाच चिकटते आणि मग कागद खरवडत बसावं लागतं.

आपल्याला हवा असलेल्या कागदावर सिलिकॉनचा पातळ थर असतो. मूळ युक्ती जुनी आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये सापडलेली. कागद सल्फ्युरिक आम्लात अगदी थोडा वेळ बुडवून लगेच धुऊन काढला की त्याच्या तंतूंचा पृष्ठभाग विरघळून छिद्रं बुजतात. असा कागद ओला झाला तरी फाटत नाही आणि तूप आरपार जाऊ देत नाही. त्यावर पुढे सिलिकॉन आलं आणि चिकटण्याचा प्रश्न मिटला. खोक्यावर ओव्हनमध्ये चालतो असं लिहिलेलं असतं आणि किती अंशांपर्यंत तेही लिहिलेलं असतं, बहुतेकांवर २२० अंश सेल्सिअस. हे दोन्ही लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, दुकानदार कितीही शपथा घेवो. मोताळ्यात मिळाला नाही तर मलकापूरला किंवा बुलडाण्याला केकच्या सामानाच्या दुकानात विचारा, नाहीतर कोणा पोराला ऑनलाइन मागवायला सांगा. गावातल्या किराणा दुकानदारांना माझी विनंती आहे की एक गुंडाळी दुकानात ठेवा आणि फुटावर विका. सगळ्यांना अख्खी गुंडाळी लागत नाही.

आता हिशेब. गुंडाळी १० मीटर लांब आणि साधारण ३० सेंटिमीटर रुंद असते. आठ इंची चौकोनी डब्याला ३५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा पुरतो, म्हणजे एका गुंडाळीत २८ डबे होतात. एका डब्यात ब्राउनीचे १६ तुकडे धरले तर ४४८ तुकडे. गुंडाळी दोनशे रुपयांना पडली असं धरलं तरी एका तुकड्यामागे ४५ पैसे.

ॲल्युमिनियम फॉइलचं काय, हेही विचारलं जातं. तूप लावून चालते, पण ती सुरकुततेच. सुरकुतीत मिश्रण शिरलं की सोलताना चांदीसारखे बारीक कपटे ब्राउनीत राहतात. दातात आले की जीव शहारतो. वह्या-पुस्तकांना घालायचा खाकी कागद, कॅलेंडरचं गुळगुळीत पान, लग्नपत्रिका यांचा तर विचारही नको. छापलेली बाजू खाली घातली तरीही नको.

साध्या केकला तूप आणि मैद्याची भुकटी पुरते, तळाला फक्त गोल कागद घातला तरी काम होतं. ब्राउनीचं तसं नसतं. तिच्यात मैद्याच्या दुपटीपर्यंत साखर असते. वितळलेलं चॉकलेट आणि लोणी वेगळं. डब्याच्या कडेला ही साखर पाकासारखी होते आणि गार झाली की पत्र्याला धरून बसते. अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क घालून करणाऱ्यांच्या ब्राउनीत साखर आणखी वाढते, ती आणखीच चिकटते. केक चिकटला तर डबा उलटा करून ठोकता येतो. ब्राउनी उलटी केली की वरची पापुद्र्याची चकाकी चुरा होऊन पडते, आणि सगळी मजा त्या पापुद्र्यात असते. म्हणून ती उलटायची नाही, वर उचलायची. कागद नुसता तळाला घालून भागत नाही ते यासाठी. तो दोन बाजूंनी वर यायला हवा, म्हणजे धरून उचलता येतं.

डबा आठ इंची आणि दोन इंच उंच धरा. तळ आठ इंच, दोन्हीकडच्या भिंती दोन-दोन इंच, म्हणजे बारा इंच. गुंडाळीची रुंदी जवळजवळ तेवढीच असते, त्यामुळे त्या बाजूला कापायचं काही नाही. दुसऱ्या दिशेने चौदा इंच घ्या, म्हणजे दोन्हीकडे एकेक इंच कागद धरायला बाहेर राहतो. कागद गुंडाळीतून निघाला की वळतो. तो उलट बाजूने एकदा गुंडाळून सोडा, सरळ होतो. डबा कागदाच्या मधोमध ठेवून चारी बाजूंना बोटाने घडी पाडा. मग कागदाच्या चारही कोपऱ्यांतून आतल्या घडीच्या टोकापर्यंत तिरकी चीर द्या. डब्यात बसवताना चिरलेल्या दोन पाळ्या एकमेकींवर सरकतात आणि कोपरा नीट काटकोनात बसतो. कोपऱ्यात कागद फुगलेला राहिला तर ब्राउनीचे कोपरे गोल होतात. घरी खायला त्याने काही बिघडत नाही, पण विकायची असेल तर सगळे तुकडे सारखे दिसायला हवेत.

चिरा देण्याचा कंटाळा असेल तर दोन पट्ट्या करा. प्रत्येक आठ इंचाला जराशी कमी रुंद आणि चौदा इंच लांब. एक उभी, एक आडवी. कागद जास्त लागतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याला हे सोपं जातं. कोणत्याही रीतीने करा, आधी डब्याला तळाशी आणि भिंतींना चार-सहा ठिकाणी तुपाचं बोट लावा. हे तूप कागद जागेवर धरायला. सिलिकॉनच्या कागदाला वरून तूप लावायची गरज नाही. मिश्रण ओतताना कागद आत पडत असेल तर कडेला लोखंडी चिमटे लावा, आणि डबा आत ठेवण्याआधी आठवणीने काढा.

कुकरचा गोल डबा किंवा घरातला पोचे पडलेला जुना डबा असेल तर वेगळी युक्ती आहे. कागदाचा चौकोन घ्या, नळाखाली धरून चांगला चोळामोळा करा, पिळा आणि पसरा. कडकपणा गेलेला असतो, तो पोच्यापोच्यांत बसतो. पाणी फडक्याने टिपून घ्या. ब्राउनीच्या कडेला सुरकुत्या दिसतील, चवीला काही फरक नाही. नुसता तळाचा गोल कापायचा असेल तर पेनाने नव्हे, पेन्सिलीने रेघ मारा, आणि रेघेची बाजू खाली करा. एवढं सगळं करून पेनाची शाई आत गेली तर काय उपयोग!

कुकरमध्ये भाजणाऱ्यांना काळजीने सांगते. आत मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, त्यावर डबा, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, हे तुम्हाला माहीत आहे. पण बिनपाण्याच्या कुकरची भिंत किती तापली हे कळायला काहीच साधन नसतं, आणि ती २२० च्या वर सहज जाऊ शकते. म्हणून कुकरमध्ये कागद डब्याच्या काठाच्या वर येऊ देऊ नका. उचलायला कान हवेत म्हणून ठेवलेत तर ते आत दुमडा. कागद कुकरच्या भिंतीला टेकता कामा नये. रोजच्या वरण-भाताचा कुकर यासाठी वापरू नका, कोरडा तापवल्याने तो खराब होतो. जुना, बाद झालेला असेल तो घ्या, नाहीतर जाड बुडाची झाकणाची कढई चालते.

लहान ओटीजीत धोका वरच्या दांड्यांचा. कागदाचा कान लांब राहिला आणि तापलेल्या दांडीला लागला तर तो जळतो. पंख्याच्या ओव्हनमध्ये कान फडफडून मिश्रणावर पडतो. म्हणून एक इंच पुरे, आणि तोही बाहेरच्या बाजूला दाबून घडी घातलेला. मायक्रोवेव्हमध्ये ग्रिल चालू असताना कागद नकोच. कुठेही जळका वास आला, धूर दिसला तर आधी बटण किंवा गॅस बंद करा आणि दार किंवा झाकण लगेच उघडू नका. हवा मिळाली की धुमसणारा कागद पेटतो. दोन-चार मिनिटं जाऊ द्या.

डबा काळा, नॉनस्टिक असेल तर तो खालून लवकर भाजतो, दहा-पंधरा अंश कमी ठेवा.

भाजून झाल्यावर घाई करू नका, आणि पोरांनाही करू देऊ नका. डब्यातच वीसेक मिनिटं ठेवा, मग दोन्ही कान धरून सरळ वर उचला आणि कागदासकट ताटात किंवा जाळीवर ठेवा. पूर्ण गार व्हायला तास-दीड तास लागतो. गरम ब्राउनी कापली तर सुरीला लगदा लागतो आणि तुकडे ओबडधोबड होतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मगच चालवा, आणि प्रत्येक काप दिल्यावर पुन्हा पुसा. कागद तुकडे कापून झाल्यावर काढा.

ज्या बचत गटांच्या बाया उमेद अभियानाच्या माध्यमातून पापड-लोणच्यांबरोबर केक-ब्राउनीही विकायला लागल्या आहेत किंवा लागणार आहेत, त्यांना आणखी एक सांगणं. आत चांगल्या कागदावर भाजून बाहेर पुन्हा पेपरात पुडी बांधून दिली तर सगळं मुसळ केरात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्या बंद आहेत, त्यामुळे पेपरच बरा असं वाटतं. तो बरा नाही. खाण्यासाठी केलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला आणि दोन थरांमध्ये याच कागदाचे तुकडे घाला. कापताना उरलेल्या पट्ट्या त्या कामी येतात. विक्री नियमित करायची असेल तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, छोट्या उद्योगासाठी ती अवघड नाही. आणि गिऱ्हाइकाने विचारलं की खाली कोणता कागद घालता, तर गुंडाळीचं खोकंच दाखवा.

एकदा वापरलेला कागद लगेच फेकायचा नसतो. ओल्या फडक्याने पुसला, वाळवला, तर दोन-तीनदा सहज चालतो. तपकिरी झाला, घडीवर तुटायला लागला की बाद.

बाद झालेला कागद उकिरड्यावर टाकू नका. त्याला तुपाचा आणि साखरेचा वास असतो, शेळ्या आणि गाई तो खातात, आणि सिलिकॉनच्या थरामुळे तो साध्या कागदासारखा लवकर कुजत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांना तर चॉकलेट विषासारखं असतं, कोकोतला थिओब्रोमिन नावाचा घटक त्यांना पचत नाही, म्हणून खरवडही त्यांच्यापुढे टाकू नका. घंटागाडी येत असेल तर कागद पुसून सुक्या कचऱ्यात द्या. येत नसेल तर चुलीत घाला, पण स्वयंपाक आटोपल्यावर, निखाऱ्यावर उघडी भाकरी शेकत असताना नको.